घासबाजार, गाळा क्रमांक एकतीस

७ जुलै, सोमवार

कंपनीने जानेवारीत वाटलेली ही डायरी सहा महिने कोरी पडून होती. आज सुरू करतो, कारण आज घासबाजारचं काम मला मिळालं. पाच वर्षं मी नाल्यांचे नकाशे आणि पार्किंगचे चौकोन काढले. आता एक अख्खा रस्ता.

महाल आणि इतवारीच्या मधला हा एक किलोमीटर. एकेकाळी इथे माणसं खरेदीला चालत यायची म्हणतात. आता अर्ध्या शटरांमागे गोदामं आहेत आणि लोक तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवरून निघून जातात. माझं म्हणणं साधं आहे. माणूस दुकानं बघत बघत चालतो. तीस पावलं सलग बंद शटरं लागली की त्याचे पाय दुखायला लागतात. म्हणून आम्ही महापालिकेला नियमच बदलायचा प्रस्ताव देणार: रस्त्याकडे तोंड असलेल्या तळमजल्यावर फक्त दुकान, खानावळ, चहा, शिंपी, असं काहीतरी उघडं आणि माणसांचं. गोदाम नाही, गाड्या ठेवणं नाही. गोदामवाल्यांनी सहा महिन्यांत जागा रिकामी करायची. बाकी जे आज चालू आहे आणि सर्वेक्षणात नोंदलं जाईल, ते तसंच राहील.

चिन्मयी मॅडम, आमच्या प्रमुख, म्हणाल्या की संघपाल, तू इथलाच आहेस, तुला रस्ता कळतो. मी खुशीत मान हलवली.

त्याच रस्त्यावर नत्थूजींच्या गुलमोहर ब्रास बँडचं दुकान आहे. बाबा तिथे अठ्ठावीस वर्षं क्लॅरनेट वाजवतात. हे मॅडमना सांगायची गरज वाटली नाही. ऑफिसात मी वडील निवृत्त संगीत शिक्षक आहेत असं सांगून ठेवलंय. संगीत तर आहेच. कुणाला तरी शिकवलंही असेल.

१४ जुलै, सोमवार

सर्वेक्षण झालं. एकशे बारा गाळे, एका दिवसात. सोबत अश्लेषा होती, नवीन लागलेली, फार प्रश्न विचारते. ती टॅबवर नोंद करायची, मी बघून सांगायचो: किराणा, भांडी, चष्मे, गोदाम, गोदाम, मोबाइल दुरुस्ती. उकाड्याने जीव गेला.

गाळा क्रमांक एकतीस. बोर्ड पावसासाठी मेणकापडात गुंडाळलेला, शटर खाली. फक्त गुडघाभर वर होतं आणि आत बल्ब असावा. अश्लेषा म्हणाली, सर, वाकून विचारू का? मी म्हटलं, वेळ नाही, गोदाम आहे, बंद आहे, चल. तिने फोटो काढला आणि आम्ही पुढे गेलो.

खरं तर आषाढ लागला की बँडवाल्यांचं काम थांबतं. लग्नं नाहीत. निम्मी मंडळी रामटेककडे धानाच्या रोवणीला जातात, काटोलची दोघं संत्र्याच्या बागेत जातात. दुकान बंदच असतं. बंद जागेत वाद्यं ठेवलेली, म्हणजे एका अर्थी गोदामच की. तिथे वाकून विचारलं असतं आणि आतून नत्थूजी बाहेर आले असते, तर अश्लेषासमोर म्हणाले असते, अरे, हा तर आपल्या देवरावचा पोरगा. मग चहा, मग सगळी वंशावळ. काम राहिलं असतं.

नंतर दुरुस्त करता येईल.

१९ जुलै, शनिवार

बाबांनी सकाळचं वाजवणं बंद केलंय. आज पाचवा दिवस. आमच्या चाळीत लोक त्यांच्या सुरावर दूध तापवायचे, इतकं ते ठरलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, पावसात क्लॅरनेटच्या चाव्यांचे पॅड फुगतात. आधीच्या पावसाळ्यांत कधी फुगले नव्हते. दम लागत असेल, वय झालं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे न्यायला हवं.

आणखी एक. रोज ते मला विचारायचे, काय काढलं आज, नाली का रस्ता? हल्ली विचारत नाहीत. मीच सांगायला गेलो घासबाजारचं, तर उठून अंघोळीला गेले.

४ ऑगस्ट, सोमवार

आराखडा देखणा झालाय. खरंच. झाडं, बाकडी, सावली, फूटपाथवर चहाची टेबलं. नकाशात दुकानं पिवळी, खानावळी केशरी, गोदामं करडी. मॅडमनी प्रिंट भिंतीवर लावली. येताजाता माझी नजर एकाच करड्या ठिपक्यावर जाते.

हे इथे लिहून टाकतो, कुणाला दाखवायचं नाही म्हणून. मला लाज वाटते ती नुसती ऑफिसची नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावकीचं वाजवणं कायमचं सोडलं. बोलावलं तरी गेले नाहीत, मार खाल्ला. त्यांच्या मुलाने पुढे हौसेने क्लॅरनेट शिकून बँडचा लाल कोट घातला. नातेवाईक अजून टोमणे मारतात, बापाने उतरवलं ते याने गळ्यात घातलं. बाबा एकदाच बोलले होते त्यावर. म्हणाले, "त्याहिले सांगत होते म्हनून ते वाजवत. मी शिकलो म्हनून वाजवतो."

मी मोठा झालो आणि नातेवाइकांचं म्हणणं उचललं. त्यात तत्त्व होतं, ते बोलायला बरं वाटायचं. पण शाळेच्या रस्त्याने वरात गेली की मी तत्त्व म्हणून नाही, मुलं हसतील म्हणून गल्लीत शिरायचो. त्या लाजेला नंतर मी चांगलं नाव दिलं, एवढंच.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीमुळे गाळा एकतीस उघडलाय. संध्याकाळी त्या बाजूने गेलो, स्कूटर न थांबवता. मेणकापड काढलं होतं. दारात एक कुटुंब उभं होतं, मुलीचं लग्न ठरलेलं असावं. घासबाजारात हीच पद्धत आहे. बँड ठरवण्याआधी लोक म्हणतात, एक वाजवून दाखवा. मग चौघंपाचजण दुकानासमोरच उभे राहून एक गाणं पूर्ण वाजवतात. भांडीवाला बाहेर येतो, चष्मेवाला येतो, जाणारे थांबतात. आज पंचवीसेक माणसं उभी होती. बाबा मध्ये होते, डोळे मिटून. पॅड फुगलेले दिसत नव्हते.

पंचवीस माणसं. आमच्या अहवालात लिहिलंय की या टप्प्यात पायी जाणारा माणूस थांबत नाही.

शुक्रवारी नोंदी अंतिम होतात, सोमवारी सूचना निघते. टॅबवर ती ओळ उघडली. "गोदाम, बंद" खोडून "बँड, चालू" लिहायला दहा सेकंद. पण बदलाला कारण द्यावं लागतं आणि मॅडमची सही लागते. मॅडम विचारतील, तुला कसं कळलं? मी ओळ बंद केली. लोकांना हरकती घ्यायला चार आठवडे मिळतातच, असं मनाला सांगितलं. चूक माझी, आणि ती निस्तरायला नत्थूजींनी अर्ज लिहायचा.

६ ऑक्टोबर, सोमवार

हरकतींची यादी मीच टंकली. एकूण चोवीस. बहुतेक गोदामवाले, अपेक्षेप्रमाणे. क्रमांक सोळा, नत्थूजी, गुलमोहर ब्रास बँड. क्रमांक सतरा, देवराव गजभिये, व्यवसाय वादक. अक्षर बाबांचंच, प्रत्येक शब्दाखाली जोर देऊन लिहिलेलं. लिहिलंय की दुकान गेलं तर बावीस माणसांना उभं राहायला जागा नाही, लोक बँड रस्त्यावरून बघून ठरवतात, वरच्या मजल्यावर चढून कोणी येत नाही.

अर्जावर तारीख अठरा सप्टेंबर. अठरा दिवस झाले. आम्ही एका घरात राहतो, एका भांड्यातली भाजी खातो, आणि त्यांनी मला सांगितलं नाही. मीही आज काही बोललो नाही. जेवताना आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी. बाबा माझ्याआधी तासभर निघून गेले, सिटी बसने. मला वाटलं होतं स्कूटरवर सोबत जाऊ. खोटं. वाटलं नव्हतं. ते आधी गेले याचं बरंच वाटलं.

महापालिकेच्या हॉलमध्ये समोर अधिकारी, बाजूच्या टेबलावर मॅडम, मी, अश्लेषा. बाबा शेवटच्या रांगेत, पांढरा सदरा. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

नत्थूजींचा नंबर आला. पंच्याहत्तरीचा माणूस, पण आवाज खणखणीत.

"साहेब, गोदामात माल राह्यते. आमच्याकडं मानसं येतात. तुम्हाले रस्त्यावर मानसं पाह्यजेत ना? मंग आमाले काहून हाकलून राहिले?"

अधिकाऱ्यांनी फोटो पुढे केला. चौदा जुलै, शटर खाली, बोर्ड झाकलेला.

"आषाढात कोनाचं लगन राह्यते साहेब? पोरं रोवण्याले गेली होती. शाळेले उन्हाळ्यात कुलूप दिसलं तर शाळा गोदाम होते का?"

लोक हसले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, सर्वेक्षणाच्या वेळी तिथे कुणाला विचारलं होतं का? मी उभा राहिलो. म्हणालो, सर, बोर्ड झाकलेला होता. हे शब्दशः खरं आहे. अश्लेषाने मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढघाल करत बसली.

मग क्रमांक सतरा पुकारला. बाबा हळूहळू पुढे आले. अर्जातलंच बोलले, थोडक्यात. अधिकारी कागद बघत सहज म्हणाले, गजभिये? आमच्या या टेबलावरही एक गजभिये आहेत, नात्यातले का?

बाबांनी माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं.

"नागपुरात गजभिये लई आहेत साहेब," ते म्हणाले.

सगळे पुन्हा हसले. मॅडमही हसल्या. बाबा वाकून नमस्कार करून मागे जाऊन बसले. मी टेबलावरच्या कागदावर सतरा क्रमांकापुढे "ऐकले" असं लिहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रजा टाकली. बाबा सकाळीच कन्हानला आत्याकडे गेले. आई तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, बाबांनी काल मला ओळख दाखवली नाही. तक्रारीच्या सुरात म्हटलं, देवा शप्पथ. म्हणजे मला वाईट वाटलंय हे तिने समजून घ्यावं असं वाटत होतं.

आईने सूप खाली ठेवलं.

"तुले आज वाईट वाटून राहिलं? त्या दिवशी तो आतच होता. एकलाच, पॅड बदलवत होता. तुहा आवाज आयकला त्यानं. ती पोरगी विचारू का म्हने, आन तू म्हनला गोदाम आहे, बंद आहे, चल."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"त्यानं बल्ब बंद केला मंग," आई म्हणाली. "तू वाकून पाह्यशील आन तुह्या ऑफिसच्या पोरीसमोर तुले लाज वाटन, म्हनून. अंधारात बसून राहिला तू जाईपर्यंत. मले घरी येऊन सांगितलं आन म्हने, प्रेमिला, पोराले बोलू नको. तीन महिने मी तोंड शिवून बसली."

तिने सूप परत उचललं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली की सकाळचं वाजवणंही त्यांनी तेव्हापासूनच सोडलं, चाळीतून तुझ्या ओळखीचं कुणी जात असेल तर उगाच. आणि मी त्यांना फुप्फुसाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. एक्स-रे काढायला लावला. ते मुकाट्याने छाती पुढे करून उभे राहिले होते.

किती वेळ तिथेच बसलो माहीत नाही. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटायला नको होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमना लेखी टिपण दिलं. गाळा एकतीसची नोंद चुकीची आहे. हे बँडचं चालू दुकान आहे, आषाढात लग्नं नसल्यामुळे बंद असतं. त्या गाळ्यात माझे वडील देवराव गजभिये काम करतात, हे मला सर्वेक्षणाच्या वेळी माहीत होतं, तरी मी खोटी नोंद सांगितली. अश्लेषाने चौकशी करायला सुचवलं होतं, मी नको म्हटलं.

मॅडमनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, पहिली दोन वाक्यं पुरेत, हंगामी चूक म्हणून देऊ, बाकीचं कशाला? मी म्हटलं, मॅडम, ते संगीत शिक्षक नाहीत. त्या म्हणाल्या, बँडमध्ये असले म्हणून काय झालं? अगदी मनापासून म्हणाल्या. त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं आणि मला जमीन फाटावी असं झालं. म्हणजे एवढंच होतं. पाच वर्षं मी ज्यांच्यापासून लपवलं, त्यांना काही वाटलंच नसतं.

टिपण जसंच्या तसं गेलं. मला घासबाजारमधून काढलं. बरोबर केलं. दुपारी अश्लेषा जेवायच्या वेळी माझ्या टेबलापाशी आली, डबा उघडला, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, रागावतील किंवा पाठीवर हात ठेवतील. त्यांचा चेहराच उतरला.

"असं कागदावर लिहाची काय गरज होती गा? नोकरीवर गदा आली तर? आमाले काय, दुकान नाही तर चौकात उभे राहिलो असतो."

त्यांची माफी मागायची होती मला. बाबा, माझं चुकलं, एवढे तीन शब्द. ते बोलू देईनात. नोकरी राहील ना, मॅडम काय म्हणाल्या, हेच विचारत राहिले.

३ नोव्हेंबर, सोमवार

हरकत सोळा आणि सतरा मान्य झाल्या. एकत्र निकाल. नियमात एक ओळ वाढली: जिथे ग्राहक रस्त्यावरून येऊन सेवा ठरवतात अशा हंगामी व्यवसायांची गणना तळमजल्यावरच्या दुकानांतच करावी, आणि सर्वेक्षण एकाच दिवशी न करता दोन हंगामांत करावं. ही ओळ अश्लेषाने लिहिली. माझ्यापेक्षा चांगली लिहिली.

नत्थूजींनी घरी पेढे पाठवले. मला म्हणून वेगळी पुडी होती. ती तशीच ठेवलीय. बाबा अजून सकाळी वाजवत नाहीत. मी एकदा म्हटलं, वाजवा ना. म्हणाले, हो, वाजवू.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज घासबाजारात गाड्या बंद ठेवून एक दिवसाचा प्रयोग होता. संध्याकाळी चार ते आठ, फक्त चालणारे. माझा त्याच्याशी संबंध नाही, पण गेलो. मॅडम, अश्लेषा आणि ऑफिसची सात-आठ मंडळी गळ्यात ओळखपत्रं घालून माणसं मोजत होती. माणसं होती! भांडीवाल्याने ताटं बाहेर मांडली होती, फूटपाथवर तर्री-पोहे होते, बायका पोरांचे हात सोडून चालत होत्या. हे मी कागदावर काढलं होतं, ते तसंच समोर घडत होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटायला जागा कुठे ते सापडेना.

साडेपाचला वरात आली. हंगामातली गुलमोहरची पहिली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, आणि मधोमध बाबा. गर्दी दोन्ही बाजूंना सरली. अश्लेषाने मोजणं सोडून दिलं. मी तिला आणि तिच्या शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ते क्लॅरनेटवाले माझे वडील. आवाज जरा मोठाच निघाला. कुणी मागे वळून बघितलं, कुणी छान वाजवतात म्हणालं, बस्स.

मग मी गर्दीतून पुढे गेलो आणि बाबांच्या बाजूने चालायला लागलो, नवरदेवाकडच्या माणसासारखा. त्यांनी मला बघितलं. वाजवत होते, बोलता येत नव्हतं. मी त्यांच्या पावलाला पाऊल मिळवत भांडीवाल्यापासून चष्मेवाल्यापर्यंत चाललो. माझी छाती भरून आली होती. वाटलं, आज सगळं फिटलं.

गाणं संपलं. नत्थूजींनी पुढच्या गाण्याची खूण करायला हात वर केला. बाबांनी क्लॅरनेट ओठांवरून काढली, आजूबाजूला बघितलं, फूटपाथवरची ओळखपत्रं बघितली, आणि माझ्याकडे न बघता हळूच बोलले.

"तुह्या ऑफिसचे लोक उभे आहेत ना गा तिथं. जा तू."

मी म्हटलं, बाबा, त्यांना माहीत आहे, मीच सांगितलं. पण तोवर ढोल सुरू झाला होता. त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. मी तिथून हललो नाही. तेव्हा तेच अर्धं वळले, माझ्याकडे पाठ केली, आणि वाजवायला लागले.